खड्डा ठेकेदाराचा, पण रस्ता कुणाचा?

पत्र

वकीलकाका, नमस्कार. आमचं गाव सांगली जिल्ह्यात आहे, नगरपालिकेचं. नाव छापू नका. बाबा एसटी डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर आहेत. घरी बसून लोकांच्या पाण्याच्या मोटारी भरून देतात, म्हणजे द्यायचे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमाराला ते आईच्या गोळ्या घेऊन स्कूटीवरून येत होते. आमच्या बोळाच्या तोंडाशी भुयारी गटारीसाठी चर खणली होती. बॅरिकेड नाही, लाल दिवा नाही, बोर्ड नाही. कुणीतरी दोन दगड आणि बाभळीची फांदी टाकून ठेवलेली. पाऊस होता आणि लाईट गेलेली. बाबा गाडीसकट चरीत गेले. मांडीचं हाड मोडलं. आधी सांगलीला सिव्हिलला नेलं, मग मिरजेला खाजगीत ऑपरेशन करून प्लेट बसवली. पावणेतीन लाख गेले, बाबा अजून वॉकरवर आहेत.

नगरपालिकेला अर्ज दिला तर दीड महिन्याने उत्तर आलं: ‘सदर काम निविदा प्रक्रियेद्वारे मक्तेदारास देण्यात आले असून निविदेतील अटीनुसार अपघाताची सर्वस्वी जबाबदारी मक्तेदाराची राहील. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ ठेकेदार म्हणतो, खोदाई मी दुसऱ्याला दिली होती, त्याला विचारा. तो दुसरा फोन उचलत नाही. गेल्या आठवड्यात ठेकेदाराचा माणूस चाळीस हजार घेऊन आला आणि स्टॅम्पवर सही मागायला लागला. न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ म्हणतो, ठेकेदाराच्या चुकीला सरकार जबाबदार नसतं, कायदाच तसा आहे. नगरपालिकेतले एक साहेब तर म्हणाले, ‘वय झालंय, रात्री कशाला गाडी चालवायची?’ बाबा म्हणतात, जाऊ दे, सरकारच्या दारात हेलपाटे घालून कुणाचं भलं झालंय. काय करू?

– एक मुलगी

उत्तर

ताई, कायद्याचं नंतर बघू, आधी कॅलेंडर काढा. नगरपालिकेवर भरपाईचा दावा लावायचा असेल तर अगोदर लेखी नोटीस देऊन एक महिना थांबावं लागतं, आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाच्या कलम ३०४ ची ही अट आहे. सांगली-मिरज-कुपवाडसारख्या महापालिकेच्या हद्दीत १९४९ चा महापालिका अधिनियम लागतो. तिथे कलम ४८७ आहे आणि मुदती याच. रस्ता थेट राज्य सरकारचा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा असता, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागली असती. तुमचे सहा महिने जानेवारीच्या शेवटी भरतात. नोटिशीचा महिना मुदतीतून वगळून मिळतो, तशी सोय मुदतीच्या कायद्यात आहे. पण त्या सोयीच्या भरवशावर बसून दाव्याला उशीर करणारे पक्षकार पहिल्याच तारखेला मुदतीच्या वादात अडकतात आणि खड्ड्याचा विषय बाजूला पडतो. तेव्हा नोटीस याच आठवड्यात गेली पाहिजे.

आता ते उत्तराचं पत्र. तुम्हाला त्याचा राग आलाय, येणारच. मला मात्र ते वाचून बरं वाटलं. ‘निविदा प्रक्रियेद्वारे मक्तेदारास देण्यात आले’ या एका वाक्यात नगरपालिकेने लेखी कबूल केलंय की काम त्यांचं होतं, ते त्यांनी दिलं होतं आणि ठेकेदार त्यांचाच आहे. एरवी हे सिद्ध करायला वर्ष जातं. मूळ पत्र जपून ठेवा, त्यावर पेनाने काही लिहू नका.

पण ‘जबाबदारी मक्तेदाराची’ या म्हणण्यात तथ्य किती? अगदीच नाही असं नाही. कायद्यात नोकर आणि स्वतंत्र ठेकेदार यांच्यात फरक आहे आणि तो जुना आहे. नोकराने कामावर असताना हलगर्जी केली तर मालक भरतो. सरकारलाही ते चुकत नाही. १९६२ चा विद्यावती यांचा खटला वकिलांच्या पहिल्या पुस्तकात असतो. उदयपूरच्या कलेक्टरांची जीप वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन येत होती, सरकारी ड्रायव्हरने बेफिकिरीने चालवून पायी जाणाऱ्या माणसाला उडवलं. राजस्थान सरकारने ‘आम्ही सरकार आहोत’ असं म्हणून पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, खाजगी मालक जसा भरतो तसं तुम्हीही भरा. तीन वर्षांनी, १९६५ मध्ये, कस्तुरीलाल खटल्यात मात्र पोलिसांनी जप्त केलेलं सोनं घेऊन हेडकॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला, तरी सरकार सुटलं, कारण जप्ती हे ‘सार्वभौम’ काम, म्हणजे फक्त सरकारच करू शकतं असं काम ठरलं. त्या निकालावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि १९९४ च्या नागेंद्र राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच ती ढाल बरीच पातळ केली. गटारीची चर खणणं हे तसंही कुठल्या व्याख्येने सार्वभौम काम होत नाही, म्हणून तो मुद्दा इथेच सोडू.

ठेकेदाराचं गणित वेगळं. काम कसं करायचं हे जो स्वतः ठरवतो, माणसं-यंत्रं स्वतःची आणतो आणि तयार काम हातात देतो, त्याच्या चुकीला काम देणारा साधारणपणे जबाबदार नसतो. तुमचा चुलतभाऊ हेच म्हणतोय आणि तो राहतो तिथल्यापुरतं त्याचं बरोबर आहे. अमेरिकेत केंद्र सरकारवर अशा नुकसानीचे दावे १९४६ च्या कायद्याखाली चालतात आणि त्या कायद्यातच सरकारी ठेकेदार स्पष्ट शब्दांत वगळलेत. १९७३ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापुढे लोग कुटुंबाचा खटला आला. केंद्र सरकारचा कैदी टेक्सासमधल्या काउंटीच्या तुरुंगात ठेवला होता, तिथे त्याने आत्महत्या केली. तुरुंगातले कर्मचारी कराराने काम करणाऱ्या काउंटीचे, केंद्राचे नोकर नव्हेत, म्हणून त्यांच्या हलगर्जीचा बोजा केंद्रावर टाकता आला नाही. तुमच्या भावाला सांगा, हे सगळं खरं, पण तो कायदा न्यू जर्सीहून इथे लागत नाही. आपल्याकडे असं वगळणारा कायदा संसदेने केलेला नाही. आपली न्यायालयं या बाबतीत अजून जुन्या इंग्लिश निवाड्यांच्या तत्त्वांवर चालतात आणि ती तत्त्वं तुमच्या बाजूची आहेत.

त्यातला एक निवाडा तर तुमच्या बोळातलाच वाटावा. साल १८९९, गाव लंडनजवळचं विम्बल्डन. तिथल्या स्थानिक मंडळाने रस्त्याचं काम ठेकेदाराला दिलं. ठेकेदाराने उकरलेल्या मातीचा ढीग रस्त्यात सोडला, दिवा नाही, आडोसा नाही. अंधारात चालत जाणारी बाई त्यावर अडखळून पडली. मंडळाने तुमच्या नगरपालिकेसारखंच ठेकेदाराकडे बोट दाखवलं. न्यायालयाने ते ऐकलं नाही. रस्ता उकरण्याचं काम मुळातच धोक्याचं आहे, काळजी घेतली नाही तर कुणीतरी पडणार हे उघड आहे, तेव्हा काळजी घेतली जाते की नाही हे पाहणं मंडळाचंच कर्तव्य, आणि ते ठेकेदाराच्या गळ्यात बांधून मोकळं होता येत नाही. नगरपालिकेच्या वकिलाला हा निवाडा ठाऊक असणारच.

आपल्याकडचा धागाही असाच आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसं मेली. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं. मनोरा ८० वर्षांचा होता, त्याच्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं, आणि दोष वरून दिसत नव्हता ही सबब चालली नाही. २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात रस्त्यात पडलेल्या जिवंत तारेने सायकलवाला गेला. वीज चोरायला तार दुसऱ्याच कुणीतरी ओढली होती, असं मंडळ म्हणालं. तरी धोकादायक गोष्ट हाताळणाऱ्याला तिसऱ्यावर ढकलता येत नाही, असं ठरलं.

नगरपालिका राजकोटचा १९९७ चा खटला पुढे करेल, तयार राहा. तिथे रस्त्याकडेचं झाड पडून माणूस गेला आणि महापालिका सुटली. फरक असा की ते झाड आपणहून पडलं होतं आणि ते पडेल हे महापालिकेला आधी कळायला मार्ग नव्हता. तुमच्या बोळातली चर आपणहून पडलेली नाही. नगरपालिकेने पैसे देऊन ती खणून घेतली.

मग ‘निविदेतील अटीनुसार’ या शब्दांचं काय? ती अट खोटी नाही. जवळपास प्रत्येक निविदेत असते. पण ती नगरपालिका आणि ठेकेदार या दोघांतली आहे. भावाभावांनी वाटणीपत्रात लिहिलं की सोसायटीचं कर्ज धाकट्याने फेडायचं, म्हणून सोसायटीचा सचिव थोरल्याच्या दारात यायचा थांबतो का? तुमच्या बाबांनी त्या निविदेवर सही केलेली नाही, त्यांना ती बांधील नाही. नगरपालिकेने आधी बाबांना भरावं आणि मग त्या अटीचा आधार घेऊन ठेकेदाराच्या अनामत रकमेतून किंवा बिलातून वसूल करावं. अट त्यासाठीच असते.

इथपर्यंत झालं ठेकेदाराच्या चुकीचं. पण तुमच्या प्रकरणात त्याहून साधा रस्ता आहे आणि बहुतेक लोक तो बघतच नाहीत. या कामावर नगरपालिकेचा कनिष्ठ अभियंता देखरेखीला होता. जेई साहेब ठेकेदाराचे नाहीत, पगारी नोकर आहेत. चर उघडी आहे, बॅरिकेड नाही, हे त्यांनी पाहिलं नसेल तर ती देखरेखीतली हलगर्जी, आणि पाहून गप्प बसले असतील तर त्याहून मोठी. नोकराची हलगर्जी म्हणजे नगरपालिकेची जबाबदारी, ठेकेदाराचा प्रश्नच उरत नाही.

हे सिद्ध करायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. कार्यादेश, निविदेच्या सर्व अटी, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, पोटठेक्याची परवानगी दिली असल्यास ती, ठेकेदाराने उतरवलेल्या विम्याची प्रत आणि त्या महिन्यातल्या जेईंच्या स्थळभेटींची नोंद मागा. त्यातही अंदाजपत्रक आणि एमबी शेजारी शेजारी ठेवून वाचा. खोदाईच्या कामाच्या अंदाजपत्रकात बॅरिकेडिंग आणि सूचनाफलकाची बाब पुष्कळदा वेगळी धरलेली असते. ती बाब असेल आणि एमबीत ‘काम पूर्ण’ म्हणून मोजलेली असेल, तर ज्या बॅरिकेडचं बिल निघालं ते जागेवर नव्हतं, आणि खाली जेईंची सही आहे, असा कागद तुमच्या हातात येतो. अंदाजपत्रकात ती बाबच नसेल तर रस्ता उकरायचं ठरवताना सुरक्षेचा विचारच झाला नव्हता. दोन्हीकडून पाणी नगरपालिकेच्याच दारात मुरतं. विम्याची प्रतही महत्त्वाची, तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा असेल तर पैसे मिळायची वाट सोपी होते. एमबी ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं तर पहिलं अपील करा, पण त्यासाठी नोटीस थांबवू नका. ही दोन कामं बरोबरीने चालतील.

पोटठेकेदार फोन उचलत नाही, न उचलो. नोटिशीत नगरपालिका, मुख्य ठेकेदार आणि नाव कळलं तर तो पोटठेकेदार, तिघांनाही घाला. कुणाची चूक किती टक्के याचा हिशेब तुमच्या बाबांनी करायचा नाही. अनेकांच्या हलगर्जीतून एकच नुकसान झालं तर पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून वसूल करता येते, मग ते आपसात भांडत बसोत. दावा फक्त ठेकेदारावर करण्याचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. गाळा भाड्याचा आणि जेसीबी कर्जाचा असलेल्या ठेकेदाराकडून हुकूमनामा वसूल करणं हा वेगळाच खटला असतो.

जाता जाता घंटागाडीबद्दल, कारण ते पत्रांत हमखास येतं. गाडीवर नाव नगरपालिकेचं, ड्रायव्हर ठेकेदाराचा. तिने कुणाला धडक दिली तर हा सगळा खल करायची गरज नाही. ते मोटार अपघात न्यायाधिकरणाचं काम, तिथे गाडीचा नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी समोर असतात. पण धडक सोडून दुसरं काही घडलं, तर कागदावर काय लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. सकाळी हजेरी कोण घेतं, कुठल्या गल्लीत जायचं हे कोण सांगतं, रजा कुणाकडे मागतात, काढून कोण टाकतं, हे बघा. न्यायालयंही तेच बघतात. १९५७ मध्ये धरंगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरातले आगरिया हंगामी आणि कामाप्रमाणे पैसे घेणारे होते, तरी कंपनीचं नियंत्रण पाहून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार मानलं.

आता दाव्याशिवायचा एक मार्ग. चांगला रस्ता मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालय २०१३ च्या स्वतःहून घेतलेल्या याचिकेत वारंवार सांगत आलंय. त्याच याचिकेत १३ ऑक्टोबर २०२५ ला आदेश झाला: खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. रक्कम ठरवायला समिती, नगरपालिकेच्या बाबतीत मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. तुमचा अर्ज ज्या कार्यालयाने ‘निकाली’ काढला त्याच कार्यालयाचे प्रमुख समितीत बसणार, ही गंमत माझ्याही लक्षात आलीय. म्हणून अर्जाची एक प्रत सांगलीला विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात, विधी सेवा प्राधिकरणाकडे स्वतः नेऊन द्या. आदेशाप्रमाणे ही रक्कम आधी संस्थेने द्यायची आणि मग दोषी अधिकारी-ठेकेदाराकडून वसूल करायची आहे. म्हणजे तुम्हाला आलेलं उत्तर या आदेशाच्या नेमकं उलट आहे, हे अर्जात लिहा. ‘गटारीची चर म्हणजे खड्डा नव्हे’ असा युक्तिवाद कुणी केलाच, तर पुढची दाद मागायला मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय आणि सांगली जिल्हा त्यातच आहे. या रकमेने दिवाणी दाव्याचा हक्क जात नाही. पावणेतीन लाखांचं बिल, पुढे प्लेट काढायचं ऑपरेशन, मोटारी भरण्याचं बुडालेलं उत्पन्न आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर ते, हे सगळं दाव्यात मागता येतं. अपंगत्वाचा दाखला सिव्हिलमधून घ्या. ज्यांच्या मोटारी बाबांनी भरल्या त्या चार शेतकऱ्यांचे जबाब उत्पन्नाला पुरावा होतात, पावतीपुस्तक नसलं तरी.

पुराव्याचं बाकी तुम्हाला बहुतेक ठाऊक असेल: सिव्हिलची एमएलसी म्हणजे अपघाताच्या केसची डॉक्टरांनी केलेली नोंद, पोलीस ठाण्यातली नोंद, फोटो. नोंद झाली नसेल तर आताही तक्रार द्या, दुसऱ्याच्या हलगर्जीने जबर दुखापत हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. दगड आणि फांदीचा फोटो शेजारच्या कुणाच्या तरी मोबाईलमध्ये, गल्लीच्या ग्रुपवर असणार, तो शोधा. त्या फोटोचं मोल फार आहे, कारण धोका आहे हे गल्लीतल्या लोकांना कळत होतं असं तो दाखवतो. मग जेईंना का कळलं नाही? लाईट गेली होती, म्हणून महावितरणला दोष द्यायचा प्रयत्न होईल. त्याचं उत्तर सरळ आहे, पावसाळ्यात लाईट जाते म्हणूनच चरीजवळ स्वतंत्र लाल दिवा लावायचा असतो.

‘वय झालंय’ म्हणणाऱ्या साहेबांकडे दुर्लक्ष करा, पण त्यामागचा कायदेशीर मुद्दा समजून घ्या. जखमी माणसाचीही चूक असेल तर भरपाई तेवढ्या प्रमाणात कमी होते. वेग, दारू, हेडलाईट, लायसन्स, यावर प्रश्न येतील. बाबांचं लायसन्स चालू होतं ना, हे आजच बघा, आणि नसेल तर वकिलापासून लपवू नका.

चाळीस हजारांचं. घरात पैशाची ओढ असेल तर घ्यायला माझी हरकत नाही, पण स्टॅम्प त्याचा नको. कागद तुम्ही लिहा: ‘उपचारासाठी तातडीची अंशतः मदत म्हणून मिळाले, उर्वरित हक्क राखून.’ यावर तो सही करणार नाही आणि पैसेही परत नेईल, असं मला वाटतं. ‘यापुढे काहीएक तक्रार राहिली नाही’ अशा कागदावर बाबांची सही झाली, तर निदान ठेकेदाराविरुद्धची बाजू तिथेच लंगडी पडते, आणि नगरपालिका तोच कागद कोर्टात फडकवते. सही करायला बाबा एकटे असताना कुणी येऊ नये, एवढं बघा.

राहता राहिले बाबा, आणि खरी अडचण तिथेच आहे. जखम त्यांना झाली म्हणून दावा त्यांचाच, तुम्ही स्वतःच्या नावाने लावू शकत नाही. नोटीस त्यांच्या नावाने जाईल, वकीलपत्रावर सही त्यांचीच लागेल. तारखांना दर वेळी यायचं नसेल तर तुमच्या नावे मुखत्यारपत्र करून देता येईल, पण साक्ष त्यांनाच द्यावी लागेल. हेलपाट्यांची भीती असेल तर त्यांना सांगा, पहिल्या महिन्यात त्यांना उंबऱ्याबाहेर पाय ठेवायचा नाही, वकील घरी येऊन सही नेतील. फीची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, अपंगत्वाचा दाखला तिथेही उपयोगी पडतो.

नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, कारण रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय. आणि तिचीच दुसरी प्रत नगरपालिकेच्या आवक-जावक टेबलावर देऊन आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या’ असं म्हणाले तर शिक्का मिळेपर्यंत तिथेच बसा, शिक्क्याला साहेब लागत नाहीत.